थोरलीचा निरोप समारंभ

चि. भावोजींस,

वहिनीचे भरघोस आशीर्वाद. तुमची पाठ, जाऊबाईंचं पित्त आणि तुमचं मत, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा करते. (मत असणारच. ते कधी आजारी पडल्याचं ऐकिवात नाही.) इकडे मी बरी, मुलगी बरी, आणि गुडघे वगळले तर उरलेले तुमचे दादाही बरे. पत्र पाहून दचकू नका, कुणी गेलेलं नाही. फोनवर तुम्ही बोलायचं आणि मी ‘हो का’ म्हणायचं असा आपल्याकडे शिरस्ता पडला आहे. पत्रात तेवढी मला मोकळीक मिळते. कागद मुलीच्या जुन्या वह्यांतले उरलेले आहेत, तेव्हा समासात कुठे भूमितीची आकृती दिसली तर तिचा मजकुराशी संबंध लावू नका.

तुम्हाला कुठलंही लिखाण पहिल्या पानापुढे वाचायची सवय नाही (हे मी नाही म्हणत, जाऊबाई म्हणतात), म्हणून मुद्दा आधीच सांगून मोकळी होते. दादांच्या औषधांच्या गोदामात, त्यांच्या हाताखाली, ती जुनी ऑपरेटिंग सिस्टिम शिकायला एक जागा निघाली आहे. सोमवारी दुपारपर्यंत कुणी त्या करारावर सही केली, तर दादा ठरल्याप्रमाणे चार महिन्यांनी निवृत्त होतील. नाही केली, तर साहेब त्यांना आणखी दोन वर्षं थांबवून घेणार, आणि तेही त्याच बर्फासारख्या खोलीत, जिथून बाहेर पडा म्हणून डॉक्टरांनी गुडघ्यांकडे बघून दोनदा लिहून दिलं आहे. जागा शेवटी आपल्या मुलीला विचारली. तिने पेनही हातात घेतलं होतं. मग ते खाली ठेवलं आणि म्हणाली की ही विद्या मेलेली आहे असं काका म्हणतात. काका म्हणजे तुम्ही. दुसरे काका असते तर मी त्यांना लिहिलं असतं.

तुमच्या लक्षात नसेल, कारण बोलणाऱ्याच्या कधी लक्षात राहत नाही, पण गेल्या खेपेला तुम्ही जेवायला आलात तेव्हा हा विषय तुम्हीच काढला. आधी मला समजावून सांगितलंत, कारण मी मॅट्रिक. यंत्र म्हणजे घर समजा, आणि ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे त्या घरात आधी कुणाचं पान वाढायचं, नळावर कुणी जायचं, कुणाला थांब म्हणायचं आणि कुणाला कुठल्या कपाटाला हात लावू द्यायचा नाही हे ठरवणारं माणूस. मी म्हटलं, म्हणजे मी. तुम्ही खूप हसलात. मी विनोद केलेला नव्हता. मग तुम्ही दादांकडे वळलात आणि तीन बोटं दुमडून तीन कारणं दिलीत. ही सिस्टिम आता नव्याने कुणी घेत नाही. ती ज्यांना येते ते सगळे म्हातारे झाले. आणि जिने ती बनवली त्या कंपनीनेच जाहीर केलंय की काही वर्षांनी आम्ही तिच्याकडे बघणार नाही. शेवटी म्हणालात की दादा, तुझ्या थोरलीला आता संग्रहालयात दे, तिकीट लाव. (गोदामात त्या जुन्या यंत्राला सगळे थोरली म्हणतात आणि नव्याने आणलेल्या सिस्टिमला धाकटी.) मुलगी हसली. दादांनी कुणी मागितलेलं नसताना मीठ पुढे सरकवलं. एकतीस वर्षं ते त्या खोलीत बसतात, भावोजी. त्या दिवशी जेवणानंतर त्यांनी स्वतःचं ताट तर घासलंच, तुमचंही घासलं.

आता तुमच्या तीन कारणांपैकी मधल्या कारणाविषयी मला थोडं विचारायचं आहे. जाणकार म्हातारे झाले, म्हणून शिकू नये, हे कसं? आमच्या इमारतीतले नळ जुन्या पद्धतीचे आहेत. त्यांचा आतला वायसर बदलता येणारा एकच प्लंबर या भागात उरला आहे. तो पूर्वी हाक मारली की यायचा. आता आम्ही त्याला आधी चिठ्ठी पाठवतो, मग तो त्याला वाटेल त्या दिवशी येतो, बूट न काढता आत शिरतो, चहात साखर कमी आहे म्हणतो, आणि मजल्यावरचे सगळे लोक (त्यात एक निवृत्त न्यायाधीश आहेत) त्याच्यामागे बॅटरी धरून उभे राहतात. नव्या नळांचे प्लंबर पायलीचे पन्नास आहेत. त्यांना कुणी खुर्चीसुद्धा देत नाही. पण मला यातलं काय कळतं. तुम्ही परिषदांमधून भाषणं देता, मी नळ गळला तर खाली बादली ठेवते.

असो. तुम्ही गेलात आणि पंधरा दिवसांत साहेबांनाही तुमच्यासारखंच सुचलं. (मोठ्या माणसांना एकाच वेळी एकसारखं सुचतं, हे मी पाहिलेलं आहे.) थोरलीला बंद करायचं ठरलं, आणि नुसतं बंद नाही, समारंभाने. बारा वर्षं एक क्षणही न थांबता चाललेलं यंत्र म्हणून सगळ्या कर्मचाऱ्यांना कुटुंबासह बोलावणं आलं. तीन वाजता आम्ही गेलो. भिंतीवर कागदी फुगे, टेबलावर केक, केकवर साखरेचं थोरलीचं कपाट, त्याला हिरवे दिवेसुद्धा काढलेले. धाकटीला बसवून देणारे तीन तरुण सल्लागार एका रांगेत उभे होते. तिघांचे बूट सारखे आणि हसू सारखं. धाकटीचा पडदा मोठा केला होता. त्यावर रंगीत चौकोन, त्यात गोल, गोलात बाण. खरं सांगते, दिसायला फार गोड. मी थोरली सून असल्यामुळे मला त्या क्षणी उगाचच थोडं वाईट वाटलं, पण मी देवाचं नाव घेतलं आणि केककडे बघितलं.

साहेबांचं भाषण चाळीस मिनिटं चाललं. त्यात थोरलीविषयी चार आणि साहेबांच्या दूरदृष्टीविषयी छत्तीस. मग दादांना दोन शब्द बोलायला सांगितलं. तुम्हाला दादा माहीत आहेत. ते उभे राहिले, चष्मा पुसला आणि म्हणाले, “घाई होतेय.” आणि खाली बसले. बरोबर दोन शब्द. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण पाठीमागे ऐकूच गेलं नव्हतं. मग साहेबांना स्वतःच्या हाताने बटण दाबायचं होतं. बटण नसतंच, आज्ञा टाइप करावी लागते, असं कळल्यावर ते नाराज झाले. शेवटी दादांनी टाइप करायचं आणि शेवटची कळ तेवढी साहेबांनी दाबायची असं ठरलं. ती आज्ञा देण्याआधी दादांनी साहेबांकडून एका कागदावर सही घेतली, की हे मी तुमच्या सांगण्यावरून करतो आहे. तुम्ही त्यांना भित्रा म्हणता. तो कागद मी घरी आणून, पाच वेळा घडी घालून देवामागे ठेवला आहे.

साहेबांनी कळ दाबली. थोरलीने काही विचारलं नाही. तुमच्या नव्या यंत्रांसारखं ‘नक्की का, पुन्हा विचार करा’ असं ती करत नाही. सांगितलं ते करते, आपणच विचार करून सांगायचं असतं. दिवे एकेक करून मालवले, आतला पंख्यांचा तो घूं आवाज उतरत उतरत बंद झाला, आणि भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक सगळ्यांना पहिल्यांदा ऐकू आली. झाडणाऱ्या बाई म्हणाल्या की इथे घड्याळ आहे हेच मला माहीत नव्हतं. मग केक. मग साहेबांनी दादांना पुष्पगुच्छ दिला, आजच्या उरलेल्या दिवसाची सुट्टी म्हणाले, आणि आम्हाला मोटारीने बाजाराच्या कोपऱ्यावर सोडायची आज्ञा दिली. मोटारीने आम्ही कधी जात नाही. मला वाटलं, चला, निदान शेवट तरी गोड झाला.

मी कोबी निवडत होते तेव्हा मुलगी धावत आली. (ती त्याच गोदामात पॅकिंगच्या टेबलावर बसते हे तुम्हाला सांगायला नको, ती नोकरी कशी फालतू आहे यावरही तुम्ही बोललेले आहात.) समारंभात दादांनी फोन बंद केला होता, तो तसाच राहिला होता. झालं होतं असं: धाकटीच्या पडद्यावर एक चक्र फिरत होतं आणि फिरतच होतं. खोक्यांवर चिकटवायची लेबलं छापली जात होती, पण कोरी. दारात चार गाड्या उभ्या. एका इस्पितळाला सकाळच्या शस्त्रक्रियांसाठी भूल द्यायचं औषध हवं होतं, ते गोदामात होतं हे सगळ्यांना माहीत होतं, पण साडेसात हजार कप्प्यांपैकी कुठल्या कप्प्यात, हे धाकटीला माहीत नव्हतं. तिला काहीच माहीत नव्हतं, भावोजी. कुठलं औषध कुठे, कधी आलं, कधीपर्यंत चालेल, असं काहीही विचारलं की ती गोड हसायची, आत जायची, थोरलीला विचारायची, आणि बाहेर येऊन स्वतःचं म्हणून सांगायची. सल्लागारांनी वेळ नव्हता म्हणून तसं करून ठेवलं होतं, आणि तसं त्यांनी कळवलंही होतं, अहवालाच्या एकशेबाराव्या पानावर. पाहुण्यांसमोर एक जण मिरवते आणि आतून दुसरी तिला वाटी भरून देते, हा प्रकार मी दुसरीकडेही पाहिलेला आहे. कुठे ते सांगत नाही, जाऊबाई पत्र वाचतील.

आम्ही बसने परत गेलो. मोटार अर्थातच साहेबांच्या कामाला गेली होती. दादांच्या एका हातात पुष्पगुच्छ, एका हातात कोबीची पिशवी. दारात साहेब उभे होते, त्यांनी पिशवी स्वतः घेतली. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. बारा वर्षांत थोरली कधी बंद झाली नव्हती, त्यामुळे ती उठवायची कशी हे तिथे दादांशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं. त्या तीन सल्लागारांपैकी एकाने विचारलं की चालू करायचं चिन्ह पडद्यावर कुठे आहे. दादांनी त्याला पाणी आणायला पाठवलं.

मला काचेबाहेर बाकावर बसवलं होतं. तिथून मी नामस्मरण चालू ठेवलं. देवाला ऑपरेटिंग सिस्टिम कळते का असं माझ्या मनात आलं, पण तो सर्वज्ञ आहे तेव्हा जुनीही येतच असणार, त्याला थोडंच कुणी काकांनी अडवलं आहे. थोरलीने उठताना पहिला प्रश्न विचारला तो आजची तारीख काय. तिच्या पोटातली इवलीशी बॅटरी कधीच संपली होती. तिच्या हिशेबाने ते बारा वर्षांपूर्वीचं वर्ष होतं. साहेब म्हणाले की राहू दे तेच वर्ष, काय बिघडतं, आधी लेबलं छापा. दादा म्हणाले की मग मुदत संपलेलं प्रत्येक औषध तिला ताजं वाटेल आणि ती ते इस्पितळात पाठवेल. हे ऐकून साहेब दोन पावलं मागे सरले. मला मात्र वाटलं की एका तारखेत बारा वर्षांनी तरुण होता येत असतं, तर साहेबांनी आधी स्वतःची तारीख टाकून पाहिली असती.

तारीख झाली, तर एक तबकडी फिरेना. माहिती ज्या तबकड्यांवर असते त्या बारा वर्षं अखंड गरगरत होत्या; थांबल्यावर त्या थंडीत एक आखडली. सल्लागार म्हणाले नवीन मागवू, चार दिवस लागतील. दादांनी त्या तबकडीची डबी बाहेर काढली, स्वेटरच्या आत पोटाशी धरली आणि जमिनीवर मांडी घालून बसले. वीस मिनिटं. अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखे. साहेब दर दोन मिनिटांनी विचारत होते, “किती वेळ?” आणि दादा डोळे मिटून सांगत होते, “ऊब लागतेय.” आपली मुलगी त्यांच्याशेजारी उकिडवी बसून ते सांगतील ते लिहून घेत होती. तिचा चेहरा मी काचेतून पाहिला. संग्रहालयातली वस्तू बघताना चेहरा तसा होत नाही.

तबकडी फिरली. घूं आवाज परत आला आणि घड्याळ पुन्हा ऐकू येईनासं झालं. भुलीचं औषध कप्पा क्रमांक चार हजार अकरामध्ये सापडलं, म्हणजे धाकटीने हसून सांगितलं की ते चार हजार अकरामध्ये आहे, आणि सल्लागारांनी धाकटीचं अभिनंदन केलं. थोरली उठली, पण दादा उठेनात. गुडघे आखडले होते. त्यांना कुणी पोटाशी धरून ऊब दिली नाही. दोघा हमालांनी बखोटीला धरून उभं केलं. तेव्हापासून ते काठीने चालतात, आणि कुणी विचारलं तर काठी आवडली म्हणून घेतली असं सांगतात.

त्यानंतर थोरली पुढची कैक वर्षं हलणार नाही असा ठराव झाला (साहेबांच्या दूरदृष्टीने), आणि ती विद्या येणारं दुसरं माणूस हवं म्हणून ही जागा निघाली. शिकायला आठ महिने आणि पाच वर्षं बांधून घेणार, पहिले चार महिने दादांच्या हाताखाली, पुढचे त्यांच्या वह्यांवर. बाहेरच्या दोघांना विचारून झालं. एकाने खोली बघून नको म्हटलं, दुसऱ्याने काळ्या पडद्यावरची हिरवी अक्षरं बघून. उरली मुलगी. ती म्हणते, “पाच वर्षांनी हे कुणी विचारणारही नाही, काकाच म्हणाले, मग मी काय करू?” दादा तिला एका शब्दाने आग्रह करत नाहीत. शिकवण्यासारखं आहे असं स्वतःच्या तोंडाने सांगायला ते आता कचरतात. तुमच्या त्या जेवणानंतर.

तेव्हा भावोजी, कृपा करून एवढं करा. सोमवारच्या आत मुलीला फोन करा आणि सांगा की काका चुकले. चुकले म्हणणं जड जात असेल तर ‘नवीन माहिती हाती आली’ म्हणा, साहेब तसंच म्हणतात. तुमचा शब्द ती मानते. का मानते हे मला कळलेलं नाही, पण मानते खरी.

जाऊबाईंना माझी आठवण सांगा. पाठीला शेक घ्या.

तुमची,
थोरली वहिनी

ता. क. (बुधवार) – पत्र पाकिटात घालणार तोच मुलीने ते वाचलं. सगळं वाचलं, भूमितीसकट. म्हणाली की आई, काकांचा यात काहीही संबंध नाही. तिला थोरली शिकायची आहे, दर रविवारी बाबांकडून शिकणारच आहे; पण ती एकट्या माणसाची खुर्ची तिला नको. शाळेच्या बक्षीस समारंभातून, दवाखान्यातून, आत्याच्या लग्नाच्या पंगतीतून बाबांना उठून जाताना तिने पाहिलंय. ‘मला तुमच्यासारखं व्हायचं नाही’ असं त्यांच्या तोंडावर म्हणवेना, म्हणून तुमचं नाव पुढे केलं. म्हणजे वरच्या सगळ्या पानांत तुमच्यावर अन्याय झाला आहे. मी मनापासून दिलगीर आहे. पण पाठपोट लिहिलेली इतकी पानं फाडून टाकवत नाहीत. तुमच्या दुसऱ्या कुठल्या चुकीच्या खाती धरा.

ता. क. दुसरा (गुरुवार) – आज दुपारी जाऊबाईंचा फोन आला. त्या रडत होत्या, म्हणून तुम्हाला न सांगण्याचं वचन मी दिलं आणि आता मोडते आहे. देवाशी माझं मी बघून घेईन. तुम्ही दोन महिने घरी आहात. तुमच्या कचेरीतल्या नव्या सिस्टिमपेक्षाही नवी आली, आणि तुमचा अख्खा विभाग बंद झाला. तुम्हाला सांगायला आलेल्या मुलाने तीन कारणं दिली, तीही बोटं दुमडून. भावोजी, मी हसले नाही. (थोडी हसले. नंतर देवापुढे दिवा लावला.)

तेव्हा आता खरं काम सांगते, वरचं विसरा. (पत्र आजच कुरिअरने देते, शनिवारी हातात पडेल.) रविवारी इकडे या. सोमवारी सही करा. मुलीची खोली तुम्हाला रिकामी करून देते, जाऊबाईंना महिन्याभरात आणू. स्वेटर जाड आणा, दादांचा तुम्हाला पोटावर होणार नाही. ही विद्या अजून शिकण्यासारखी आहे की नाही, ते मॅट्रिक झालेल्या बाईला विचारू नका. साहेबांना काल दादांनी खोदून विचारलं तेव्हा ते म्हणाले की थोरलीची आठ वर्षं नक्की. तुम्हाला साठ पूर्ण व्हायला किती राहिली ते मी जाऊबाईंकडून काढून घेतलं. तेवढीच.

दादांना मी यातलं काही सांगितलेलं नाही, आणि सांगणारही नाही. ते दार उघडतील, काठी टेकून उभे राहतील आणि ‘असा अचानक कसा आलास’ म्हणून विचारतील. तेव्हा भाषण करू नका. ‘शिकायला’ म्हणा. एवढा एकच शब्द. तो तुमच्या तोंडून ऐकण्यासाठी आणखी दोन वर्षं त्या खोलीत बसायची त्यांची तयारी आहे. माझी नाही.